मूल अठरा वर्षांचे झाले की पोटगी थांबते का?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत काम करताना घटस्फोटित आया एक प्रश्न हमखास विचारतात. "मुलगा बारावीला आहे, पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण होतील. त्याचे वडील म्हणतात, आता एक रुपयाही देणार नाही. मॅडम, असं चालतं का?"

उत्तर मुलगा आहे की मुलगी, यावर अवलंबून आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 (1 जुलै 2024 पूर्वीचे कलम 125) अज्ञान मुलांना पोटगी मिळवून देते. अठराव्या वर्षी मुलाचा हा हक्क संपतो. शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे त्याला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल, तरच पोटगी पुढे चालू राहते.

मुलीसाठी आणखी एक मार्ग आहे. बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलाच्या वाटेवर पुढे झालेला 1956 चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम 20 नुसार, स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर निर्वाह न होणारी अविवाहित मुलगी अठरानंतरही निर्वाहखर्च मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने अभिलाषा विरुद्ध प्रकाश (2020) या निकालात हे स्पष्ट केले. मात्र त्यासाठी या कायद्याखाली वेगळा दावा करावा लागतो.

खरी अडचण मुलाची होते. दहावीनंतरचा डिप्लोमा एकोणिसाव्या वर्षी संपतो, पदवी एकविसाव्या. फी सुरू होते तेव्हाच पोटगी थांबते. म्हणून तीन गोष्टी वेळेत करा.

एक, संमतीने घटस्फोट घेताना पदवी किंवा डिप्लोमा पूर्ण होईपर्यंत फी, वसतिगृह आणि प्रवासाचा खर्च कोण किती देणार, हे न्यायालयात दाखल होणाऱ्या अटींमध्ये लिहून घ्या. गावच्या बैठकीत स्टॅम्प पेपरवर लिहिलेल्या शब्दावर वसुलीचे वॉरंट निघत नाही.

दोन, आधीची थकबाकी अठराव्या वाढदिवसाने माफ होत नाही. पण वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो.

तीन, अजून अर्जच केला नसेल तर उशीर करू नका. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही बाजूंनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे.

वकिलाच्या फीची भीती बाळगू नका. महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा 15100 वर फोन करा. फक्त वाढदिवसाच्या आधी जा.