माहिती चौकट : विच्छेदनाला नकार द्यायचा असेल तर…

मेणाचा ट्रे आणि त्यात टाचण्यांनी ताणून बसवलेला बेडूक. जीवशास्त्र शिकायला याची गरज उरलेली नाही. आष्ट्याच्या (ता. वाळवा, जि. सांगली) विद्यार्थी-पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे :

● कायदा : प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० मधील कलम १७ चा रोख स्पष्ट आहे. पुस्तके, प्रतिकृती, चित्रफिती यांवर भागत असेल, तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. केवळ हात बसावा म्हणूनही ते शक्यतो करू नयेत.

● महाविद्यालय : विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्रातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितले. २०१४ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांतून ते बंद करण्याचे निर्देश दिले. सांगली-साताऱ्याची महाविद्यालये ज्याच्या कक्षेत येतात, त्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठालाही ते लागू होतात.

● बेडूक : भारताने १९८७ मध्ये बेडकांच्या तंगड्यांची निर्यात थांबवली. उसाच्या सरीत किडे फस्त करणारा हा शेतकऱ्याचा सोबती आहे.

● जगात : कॅलिफोर्नियात जेनिफर ग्रॅहम या शाळकरी मुलीने बेडूक कापायला नकार दिला आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९८८ मध्ये तिथे विद्यार्थ्यांच्या अशा हरकतीला कायद्याने मान्यता मिळाली.

● काय करावे : प्रात्यक्षिकाआधीच सरांना किंवा मॅडमना भेटा. पालकांच्या सहीचा साधा अर्ज द्या. प्रतिकृती, तक्ते किंवा संगणकावरील विच्छेदनाचा पर्याय मागा.

जीव न घेता जीवशास्त्र शिकायचे म्हणणाऱ्या मुलाचे गुण कापू नका, त्याची पाठ थोपटा.