शेजारणीला जामीन

स्पर्धा वाईट की चांगली, या प्रश्नाआधी ती कोणाकोणात लागली आहे हे पाहावे लागते. लालबाग-परळच्या गिरणगावात हा फरक स्पष्ट दिसतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहत. कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी दिवसापुरते काम मिळे. शेजारी उभ्या असलेल्या गाववाल्याला ते मिळाले तर आपले हुकले. या चढाओढीत कोणीही जिंको, वजन वाढे ते माणसे निवडणाऱ्या जॉबरचे.

खाणावळी चालवणाऱ्या बायकांची गतही तीच होती. कोकणातून, घाटावरून एकट्या आलेल्या कामगारांना त्या महिन्याच्या बोलीने जेवू घालत. पैसे पगारानंतर मिळत. वाण्याचे सामान आधी भरावे लागे. मधला महिना सावकाराच्या कर्जावर निघे. दर वाढवावा तर गिऱ्हाईक शेजारणीकडे जाई.

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९मध्येच झाले होते, पण या बायकांकडे तारण ठेवायला काही नव्हते. त्यांनी गट केले आणि त्या एकमेकींना जामीन राहिल्या. आता शेजारणीची खाणावळ बुडणे कोणालाच परवडणारे नव्हते. कोणाची आमटी सरस, ही चुरस उरलीच. खरी लढत मात्र सावकाराशी लागली.

परस्परांना मदत करणाऱ्यांची टोळी दुसऱ्या टोळीवर मात करते, असे डार्विनने १८७१ साली मांडले. टोळीच्या आत मात्र त्याग करणाराच मागे पडू शकतो, ही अडचणही त्याने ओळखली होती. चाळीत तिच्यावर उतारा होता: कोणाकडे किती पाने उठतात, हे लपत नसे. त्यामुळे फुकट फायदा घेणे अवघड होते.

या एकीलाही मर्यादा होती. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. एकीच्या आजारपणात दुसरी सावरू शकते. सगळ्यांचेच गिऱ्हाईक एकदम रिकाम्या हाताचे झाले, तर जामीनदारही बुडते. म्हणून गट केवळ घट्ट असून भागत नाही. त्यातल्या काहींची चूल तरी वेगळ्या उत्पन्नावर पेटती असावी लागते.