अग्निशमन दलाचा पोशाख व त्याचे नियम

गणवेषाचा नियम म्हटला कीं पुष्कळ विद्यार्थ्यांस तो जाच वाटतो. ज्या एका सेवेंत पोशाखाच्या नियमावर माणसाचा प्राण अवलंबून असतो, त्या अग्निशमन दलाची थोडी माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नांदेड व लातूर या दोन्ही शहरांच्या महापालिकांचीं अग्निशमन दलें आहेत. कापसास, कडब्याच्या गंजीस किंवा एखाद्या दुकानास आग लागली म्हणजे याच दलांचे जवान धांवून जातात. त्यांचे पोशाख दोन प्रकारचे असतात. एक नित्याच्या कामाचा व कवायतीचा. त्यावरील खांद्याच्या चिन्हांवरून दर्जा कळतो, व हुकूम कोणाचा ऐकावयाचा याविषयीं घोंटाळा होत नाहीं. दुसरा प्रत्यक्ष आगींत शिरण्याचा.

हा दुसरा पोशाख तीन थरांचा असतो. बाहेरचा थर बहुधा अॅरामिड नांवाच्या धाग्याचा असतो. हा धागा वितळत नाहीं. अति तापल्यास तो कोळशासारखा काळा पडतो. मधला थर पाणी आंत येऊं देत नाहीं, परंतु घामाची वाफ बाहेर सोडतो. आंतल्या जाड अस्तरांत कोंडलेली हवा उष्णता थोपविते. अंगावरील चकाकणाऱ्या पट्ट्यांमुळें अंधारांत जवान सोबत्यांस दिसतो.

आंत स्वतःच्या आवडीचा सदरा घातला तर काय बिघडलें, असें कोणी विचारील. नायलॉन हें त्याच्या जातीप्रमाणें सुमारें २२० ते २६० अंश उष्णतेस वितळतें व कातडीस चिकटतें. सूत जळतें खरें, पण वितळत नाहीं. म्हणून आंतील कपडेहि सुती असावेत, असें शिकविण्यांत येतें. दाढीचेंहि तसेंच. श्वसनयंत्राचा मुखवटा गालास घट्ट बसला नाहीं, तर केसांच्या फटींतून विषारी धूर आंत शिरतो.

कारणें बदललीं म्हणजे नियमहि बदलावे लागतात. लंडनच्या दलांत पूर्वीं पितळी शिरस्त्राणें असत. तीं दिसावयास मोठीं डौलदार. परंतु घरोघर वीज आल्यावर तीं धोक्याचीं ठरलीं, कारण पितळेंतून वीज वाहते. अखेर तीं काढून टाकण्यांत आलीं. अलीकडे, २०२२ मध्यें, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें आग विझविण्याचा व्यवसायच कर्करोगास कारणीभूत होणाऱ्या गोष्टींत गणला. काजळीनें माखलेला पोशाख निराळा धुवावा व घरीं नेऊं नये, या नियमाचें महत्त्व त्यामुळें अधिकच वाढलें आहे.

मराठवाड्यांतील उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर असतां हा जड पोशाख चढविणें सोपें नव्हे. त्यानेंच जीव घाबरा होतो. म्हणून जवानांनीं आळीपाळीनें विसावा घेऊन पाणी प्यावें लागतें. तरी तो टाकून आगींत शिरणें म्हणजे मरणास बोलावणें होय. असा पोशाख प्रत्येक जवानास पुरविणें व जीर्ण होतांच बदलून देणें, हें आपणां नागरिकांचें ऋण आहे. कारण तो आपल्याच करांतून येतो.

पोशाख कितीहि उत्तम असला तरी त्यास सीमा आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत स्फोटकें व कापूस भरलेल्या 'फोर्ट स्टिकिन' बोटीस आग लागली. ती विझविण्यास गेलेले मुंबई दलाचे ६६ जवान स्फोटांत बळी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. शेजाऱ्यावर प्रीति करण्याचा जो धडा आम्ही वर्गांत शिकवितों, तो या लोकांनीं आचरून दाखविला.

पालकांस इतकीच विनंति कीं, दिवाळींत फटाक्यांजवळ व स्वयंपाकघरांत शेगडीपाशीं मुलांच्या अंगांत सुती कपडे असावेत, सैल ओढणी वा पदर खोंचलेला असावा. आणि विद्यार्थ्यांनीं बंबाची घंटा ऐकतांच रस्ता मोकळा करावा. नियमामागील कारण एकदां समजलें म्हणजे तो पाळण्यास कोणी मागें उभें राहावें लागत नाहीं.