घाटाचा राजा आणि पगारी पाणक्या

मुंबई–पुणे सायकल शर्यतीत दोन किताबांना मान आहे. एक पुण्यात पहिला येणाऱ्याचा. दुसरा खोपोलीपासून वरचा चढ सगळ्यांच्या आधी चढून येणाऱ्याचा. त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. लोणावळा-खंडाळ्याच्या माणसाला विचाराल तर तो सांगेल, पहिला किताब पुणेकरांचा, दुसरा आमचा. लहानपणी शर्यतीच्या दिवशी आम्ही पोरे रस्त्याकडेला उभी असायचो ती या राजासाठी. संध्याकाळी पुण्याचा निकाल कानावर येई, तेव्हा विजेत्याचे नाव कधी कधी वेगळेच असे. ज्याने एवढा घाट मारला तो सरळ सपाट रस्त्यावर मागे कसा पडला, हे कोडे मला बरीच वर्षे पडले होते. त्याचे उत्तर शोधताना लक्षात आले की, आपल्याकडे सायकलपटू पुष्कळ झाले, पण सायकल चालवणे हा ज्याचा पोटापाण्याचा धंदा आहे असा माणूस का झाला नाही, याचेही उत्तर त्याच कोड्यात आहे.

आधी घाट पाहू. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरदेखील उंच नाही, लोणावळा सुमारे ६२२ मीटरवर. मधले साडेपाचशे मीटर जेमतेम दहा किलोमीटरांत चढायचे. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८३० साली, हा गाडीरस्ता खुला झाला. इंग्रजांना ही वाट दाखवणारा शिंगरोबा धनगर अशी कथा आहे; त्याच्या देवळापाशी गाडीवाले आजही नाणे टाकतात. (त्याच काळातला अमृतांजन पूल मात्र एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला.)

सत्तर किलोचा माणूस आणि नऊ किलोची सायकल अर्ध्या तासात साडेपाचशे मीटर वर न्यायची, तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाशी झगडायला सतत सव्वादोनशे ते अडीचशे वॉट लागतात. म्हणजे घरातले तीन छताचे पंखे अर्धा तास पायांनी फिरवत ठेवायचे. त्या वेळी वेग असतो ताशी वीस किलोमीटरांच्या आसपास. एवढ्या वेगाला हवेचा अडथळा फारसा नसतो, तीसेक वॉटमध्ये भागते. म्हणून घाटात कुणाच्या मागे लपून काही मिळत नाही. ज्याच्या पायांत आणि छातीत दम आहे तो पुढे जातो. चढण ही एकट्याची परीक्षा आहे, आणि बघणाऱ्याला ती लगेच कळते.

लोणावळा सोडले की हिशेब उलटा होतो. कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड असा साठ-पासष्ट किलोमीटरांचा मावळातला रस्ता. कामशेतची खिंड सोडली तर चढ म्हणावा असा नाही. इथे वेग चाळीसवर जातो. हवेवर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट लागते. घाटातले तीस वॉट इथे दोनशे चाळीस होतात. पण पुढच्याच्या चाकाला चाक लावून जो येतो, त्याचे पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात. मागून आठ-दहा जण आळीपाळीने पुढे येऊन ओढत असतील, तर एकट्या राजाची दोन मिनिटांची आघाडी तळेगावपर्यंत विरघळते. त्यात त्याचा दोष नसतो. त्याच्या पुढे राहून वारा झेलणारे कुणी नसते, इतकेच.

युरोपात या वारा झेलण्याचा धंदा झाला. ‘लोतो’ नावाच्या वर्तमानपत्राने खप वाढवण्यासाठी १९०३ साली टूर द फ्रान्स सुरू केली. आज ती तीन आठवड्यांत एकवीस टप्प्यांची, सव्वातीन ते साडेतीन हजार किलोमीटरांची असते. २०१८ पासून एका संघात आठ जण. त्यांतल्या एकाला जिंकायचे असते, उरलेल्या सातांना त्याला जिंकवायचे असते. या सातांना फ्रेंचमध्ये ‘दोमेस्तिक’ म्हणतात, म्हणजे घरगडी. त्याचे काम असे: मागे पडायचे, संघाच्या गाडीपाशी जायचे, सहा-सात बाटल्या जर्सीत खुपसायच्या आणि धापा टाकत पुन्हा घोळक्यात येऊन त्या वाटायच्या. म्होरक्याचे चाक पंक्चर झाले तर आपले काढून द्यायचे. सपाटीवर तासन् तास पुढे राहून वारा खायचा आणि शेवटच्या चढाच्या पायथ्याशी, जिथे टीव्हीचे कॅमेरे खरे जागे होतात, तिथे गळून पडायचे. निकालात त्याचा क्रमांक एकशे चौदावा. आपल्याकडे पूर्वी लग्नकार्यात पाणक्या असे, त्याच जातीचे हे काम. फरक एवढाच की या पाणक्याला पगार आहे. जागतिक महासंघाच्या सर्वांत वरच्या श्रेणीतल्या संघात नोकरी करणाऱ्या खेळाडूला वर्षाला चाळीस हजार युरोंहून कमी देता येत नाही. विजेत्याला मिळणारे पाच लाख युरोही सोबत्यांत वाटून टाकायची रीत आहे.

व्यावसायिक सायकलपटूची कारकीर्द म्हणजे मुख्यतः ही. विशीच्या सुरुवातीला पहिला करार, वर्षाला साठ-सत्तर दिवस शर्यती, पडणे, गळ्याच्या हाडाचे मोडणे, पस्तिशीच्या आसपास निवृत्ती. बहुतेकांच्या नावावर सगळ्या आयुष्यात एक-दोन विजय असतात, कित्येकांच्या एकही नाही. तरी ते यशस्वी व्यावसायिक समजले जातात. या खेळाला हरणाऱ्याची किंमत करता आली आणि तिथे तो धंदा झाला, असे माझे मत आहे. घाटाचा राजा त्यांच्याकडेही आहे. टूरमध्ये डोंगरांचा स्वतंत्र किताब १९३३ पासून दिला जातो, त्याची लाल ठिपक्यांची जर्सी १९७५ पासून. आल्प द्युएझचा चढ आपल्या बोरघाटाच्या दुप्पट उंचीचा. पण तिथला राजा पायथ्याशी पोचतो तोच मुळी चार जणांच्या पाठीवरून.

आपल्याकडची सुरुवात वाईट नव्हती. १९४६ साली राष्ट्रीय सायकल महासंघ उभा राहिला तो जानकीदास आणि मुंबईचे सोहराब भूत यांच्या खटपटीने. हे जानकीदास म्हणजे हिंदी चित्रपटांत पुढे विनोदी भूमिका करणारे तेच. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला भारताचा सायकल संघ गेला, त्यात पारशी नावे ठळक दिसतात. १९५२ ला हेलसिंकी, १९६४ ला टोकियो. त्यानंतर ऑलिंपिकच्या सायकल शर्यतीत भारताचा माणूस उतरलेला नाही. एवढ्या काळात या देशात सायकली किती विकल्या गेल्या असतील, याचा विचार करून पाहावा.

मावळातल्या, पुण्यातल्या मुलाने मग काय केले? पहाटे ट्रकांची रांग लागण्याआधी जुन्या हमरस्त्यावर सराव. (द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, आणि घाटात जुन्या रस्त्याचा काही भाग त्याच मार्गात मिसळला आहे.) दुधाचा रतीब घालणाऱ्या सायकलवरून कर्ज काढून घेतलेल्या हलक्या सायकलवर. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय. गावच्या गणेश मंडळाकडून शाल-श्रीफळ. आणि या सगळ्याच्या शेवटी एकच दार: रेल्वे, सैन्यदल किंवा पोलीस. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वे आणि सेनादलाचा दबदबा का, तर नोकरी तिथे आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. या व्यवस्थेला नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही. तिने कित्येक घरांची चूल पेटती ठेवली. पण तिची एक बाजू मला खटकते. अर्जाला जोडायचे प्रमाणपत्र क्रमांकाचे असते. सांघिक ‘टाइम ट्रायल’ सोडली, तर ज्याने गाववाल्यासाठी ऐंशी किलोमीटर वारा खाल्ला त्याला कागदावर दाखवायला काही नाही. मग तो वारा खाईल कशाला? त्याच्यापुढे नोकरीचा प्रश्न आहे, तो आपला आपला पळणार. गटाने शर्यत खेळण्याची विद्या आपल्या पोरांना जमत नाही असे प्रशिक्षक सांगतात, तेव्हा तो स्वभावाचा दोष मानला जातो. मला तो हिशेब वाटतो, आणि पोरांच्या बाजूने तो बरोबर आहे.

म्हणूनच असेल, सायकलवर मराठी माणसांनी अलीकडे जे नाव कमावले ते एकट्याच्या प्रकारांत. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ सुमारे ४,८०० किलोमीटरांची. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ मध्ये दोघांच्या गटात ती पूर्ण करून आले. २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण करणाऱ्यांत नाशिकला नेमणुकीवर असलेले सैन्यातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ होते. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, विसाव्या वर्षी, सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवत जगाला फेरी घातली. त्या अमेरिकेच्या शर्यतीत दुसऱ्याच्या चाकामागे लपायला नियमानेच मनाई आहे. म्हणजे दहा-बारा दिवसांचा बोरघाट. आणि यांतले चौघे डॉक्टर आहेत, हेही सहज नजरेआड करण्याजोगे नाही. उपजीविका दुसरीकडे होती.

संघाच्या बाजूने गेलेला आपला माणूस बंगळुरूचा नवीन जॉन. इंजिनियर असलेला हा खेळाडू बेल्जियमच्या गावोगावच्या शर्यतींत धक्के खात शिकला, ऑस्ट्रेलियातल्या एका कॉन्टिनेन्टल संघातून खेळला. २०१६ च्या दोहा जागतिक स्पर्धेत तो आणि अरविंद पन्वार हे दोघे वैयक्तिक ‘टाइम ट्रायल’मध्ये उतरले. कॉन्टिनेन्टल ही व्यावसायिक संघांची तिसरी श्रेणी. तिथे महासंघाने किमान पगाराची अट घातलेली नाही.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. प्रास्ताविक फेरी आणि चार टप्पे, सुमारे ४३७ किलोमीटर, आंतरराष्ट्रीय क्रमवारीत धरली जाणारी. मुळशी आणि मावळ तिच्या वाटेवर होते. त्यासाठी आमच्याकडचे रस्ते असे गुळगुळीत झाले की लोक त्यावरून उगीचच फेरफटका मारू लागले. मी एका वळणावर उभा होतो. घोळका मिनिटभरात निघून गेला. मग मागाहून एकटा खेळाडू आला, पाठीवर कुबड आल्यासारखा, जर्सीत बाटल्या कोंबलेल्या. गर्दीतले कुणीतरी ओरडले, “अरे, हा मागं पडला, मारा टाळ्या!” टाळ्या पडल्या. तो काही मागे पडलेला नव्हता. तो कामावर होता.

अशी एक शर्यत भरवल्याने काय होते याचे जवळचे उदाहरण मलेशियात आहे. त्यांची टूर द लंकावी १९९६ मध्ये सुरू झाली. तेरेंगानू या राज्याचा संघ २०११ मध्ये उभा राहिला. मधली पंधरा वर्षे बाहेरचे संघ येत, जिंकत आणि जात. त्या संघात बाटल्या वाहणाऱ्या स्थानिक पोराला दरमहा पगार मिळतो. आमच्या वळणावर टाळ्या वाजवणारी पोरे आठ-नऊ वर्षांची होती. त्यांतल्या एकाने नंतर मला विचारले, घाटाचा राजा कोणता होता. मी त्याला बाटल्यावाल्याबद्दल सांगू लागलो, तर तो म्हणाला, “पण त्याचा नंबर कितवा?”