पाठुंगळीची नळी

मे 2010. मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलफलाटावर स्फोट होऊन अडीच आठवडे उलटले होते. सुमारे 1500 मीटर खोलीवर फुटलेल्या नळीतून तेल आणि वायू अखंड बाहेर पडत होते. त्यावर झाकण म्हणून जवळपास 100 टनांची पोलादी पेटी समुद्रतळाशी उतरवण्यात आली. पेटीत जमणारे तेल वरच्या तोंडातून जहाजावर ओढून घ्यायचे, असा बेत होता. तो लगेचच फसला. पेटीच्या आत बर्फासारखे स्फटिक साचले, वरचे तोंड बुजले आणि एवढी अवजड पेटी तरंगू पाहू लागली. शेवटी ती बाजूला ठेवावी लागली.

हे स्फटिक म्हणजे हायड्रेट. मिथेनसारखा वायू आणि पाणी थंडीत आणि मोठ्या दाबाखाली एकत्र आले की पाण्याचे रेणू वायूभोवती पिंजरा बांधतात आणि घट्ट पांढरा पदार्थ तयार होतो. त्यासाठी तापमान शून्याखाली जावे लागत नाही. दाब पुरेसा असेल तर पंधरा-वीस अंश सेल्सियसलाही हायड्रेट जमतो. खोल समुद्राच्या तळाशी पाणी चारेक अंशांचे असते. विहिरीतून निघालेल्या वायूबरोबर पाणी येतेच. म्हणजे वायू वाहून नेणारी नळी बुजायला लागणारे सारे काही तिच्या पोटातच हजर असते.

नॉर्वेच्या किनाऱ्यापासून सुमारे 120 किलोमीटरवरच्या ओर्मेन लांगे वायूक्षेत्रात तळाचे पाणी शून्याच्याही खाली जाते. खारे असल्याने ते गोठत नाही, एवढेच. 2007 साली तिथला वायू किनाऱ्यावर आणायला 30 इंची दोन नळ्या वापरात आल्या. त्यांच्या जोडीला 6 इंची दोन बारीक नळ्याही टाकलेल्या होत्या. त्या वायू आणत नाहीत, उलट किनाऱ्यावरून विहिरींकडे ग्लायकॉल नेतात. विहिरीच्या तोंडाशी हे रसायन वायूत मिसळले की हायड्रेट धरत नाही. बारीक नळी बंद पडली की थोरलीही बंद पडण्याच्या वाटेवर लागते.

अशा धाकट्या नळ्या जगभरच्या समुद्रात ठिकठिकाणी आहेत. कुणी मिथेनॉल नेते, कुणी ग्लायकॉल, कुणी फलाटावरच्या यंत्रांसाठी इंधनवायू, तर कुणी विहिरीत परत सोडायचा वायू. प्रश्न असतो तो त्या टाकायच्या कशा, हा. वेगळी टाकायची तर जहाजाची दुसरी फेरी आणि दुसरा चर आला. नळ्या टाकणाऱ्या जहाजाचे भाडे दिवसावर चालते आणि सगळ्या कामात तोच सर्वांत जड खर्च असतो. शिवाय चार इंची नळी एकटी तळावर ठेवली तर लाटांनी सरकते, आणि मासेमारीच्या जाळ्यात किंवा नांगरात अडकली तर सहज वाकते. म्हणून बऱ्याचदा धाकटीला थोरलीच्या पाठीवर बसवून, पट्ट्यांनी बांधून, दोघींना एकदमच समुद्रात सोडतात. उद्योगात या पद्धतीला ‘पिगीबॅक’ म्हणतात.

ऐकायला सोपी वाटणारी ही बांधणी प्रत्यक्षात कशी होते, ते जहाजावर पाहावे लागते. थोरली नळी जहाजावर साधारण बारा मीटरांच्या तुकड्यांनी येते. एकामागोमाग एक वेल्डिंग ठाण्यांतून ती पुढे सरकते, सांधा तपासला जातो, त्यावर लेप चढतो. टेन्शनर नावाची फिरत्या पट्ट्यांची यंत्रे तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. त्यांनी पकड सोडली तर समुद्रात लोंबणाऱ्या लांबीचे वजन सगळी नळी खेचून नेईल. धाकटी मात्र बहुधा एका मोठ्या रिळावर गुंडाळलेली असते आणि तिच्यासाठी वेगळा, छोटा टेन्शनर असतो. शेवटच्या टेन्शनरच्या अलीकडे दोघींना बांधता येत नाही, कारण थोरलीला आवळणाऱ्या यंत्रात धाकटी चिरडून जाईल. त्यामुळे बांधायला जागा उरते ती जहाजाच्या मागच्या टोकाशी, नळी पाण्याकडे निघालेली असताना.

तिथे थोरलीच्या पाठीवर रबराचे किंवा पॉलियुरेथेनचे एक सॅडल ठेवतात. त्याची खालची बाजू थोरलीच्या गोलाईला बसते आणि वरच्या खाचेत धाकटी बसते. मग दोन-तीन पट्टे सगळ्याभोवती फिरवून यंत्राने ताणतात आणि अडकवतात. पट्टे बहुधा इन्कोनेल या निकेलच्या मिश्रधातूचे किंवा केव्हलार तंतूंचे असतात. साधे पोलाद इथे कामाचे नाही, कारण खाऱ्या पाण्यात ते नळीच्या कितीतरी आधी गंजून जाईल. सॅडल कुठेही बसवून चालत नाही. गंज रोखण्यासाठी थोरलीवर ठरावीक अंतराने जस्ताची किंवा ॲल्युमिनियमची कडी असतात. ती आणि वेल्डिंगचे सांधे टाळावे लागतात.

या कामाचा वेग समजून घ्यायला साधा हिशेब पुरे. जहाज दिवसाला तीन किलोमीटर नळी टाकत असेल आणि दर पाच मीटरला एक सॅडल असेल, तर दिवसभरात 600 सॅडल बसवावी लागतील. म्हणजे दर दोन मिनिटे चोवीस सेकंदांना एक, रात्रंदिवस, हलत्या जहाजावर. अलीकडे या कामाला यंत्रे आली आहेत, तरी पट्टा नीट बसला की नाही हे शेवटी माणूसच बघतो. वेल्डिंगचा सांधा अल्ट्रासाउंडने तपासला जातो, त्याची नोंद वर्षानुवर्षे जपली जाते. पट्ट्याला तपासणीसाठी मिळतो तो जेमतेम मिनिटभर. एवढ्या थोड्या वेळात, एवढ्या बिनचूकपणे हे काम करणाऱ्या पथकांविषयी फारसे कुठे लिहिलेले सापडत नाही. त्यांच्या हातून सुटलेला पट्टा पुन्हा आवळायला मिळत नाही, हे लक्षात घेतले की त्यांच्या कामाचे मोल कळते.

जहाज सोडताना नळी स्टिंगर नावाच्या कमानदार सांगाड्यावरून खाली वळते, तिरपी पाण्यात उतरते आणि तळाशी पुन्हा उलटी वळून आडवी होते. पाण्यात तिचा आकार लांबट ‘एस’सारखा होतो. इथे भूमितीचा एक पेच उभा राहतो. स्टिंगरच्या बाकावर थोरली आतल्या कमानीवर असते आणि तिच्या पाठीवरची धाकटी बाहेरच्या कमानीवर. बाहेरची कमान लांब असते. दोघींच्या मध्यरेषांत 40 सेंटिमीटर अंतर असेल आणि नळी 60 अंशांतून वळत असेल, तर धाकटीला थोरलीपेक्षा सुमारे 42 सेंटिमीटर जास्त लांबी लागते. तळाच्या वळणावर नेमके उलटे होते. तिथे धाकटी आतल्या बाजूला येते आणि तेवढीच लांबी जास्तीची ठरते. वर घेतलेले खाली परत मिळते, पण मधल्या शेकडो मीटरांत धाकटी कधी ताणली जाते, तर कधी दाबली जाते. पट्टे किती आवळायचे, याचे उत्तर म्हणून एका आकड्यात देता येत नाही. फार घट्ट केले तर धाकटीवर ताण येतो. सैल ठेवले तर ती घसरत जाऊन एखाद्या ठिकाणी फुगून वर येते.

याहून अवघड अडचण पिळाची आहे. पाठीवर वजन घेतलेली नळी उतरताना हळूहळू स्वतःभोवती फिरू शकते. वर बसवलेली धाकटी तळाशी पोहोचेपर्यंत बाजूला किंवा खाली गेली, तर थोरलीचे सगळे वजन तिच्यावर येते. थोरली रिळावर गुंडाळून आणलेली असेल तर तिच्यात उरलेला बाकही तिला फिरवायला हातभार लावतो. रिळावरून नळी टाकण्याची ही कल्पना दुसऱ्या महायुद्धातली. 1944 मध्ये इंग्लंडहून फ्रान्सला इंधन पोहोचवण्यासाठी ब्रिटिशांनी तीन इंची पोलादी नळी प्रचंड तरंगत्या रिळांवर गुंडाळून खाडीपार ओढली होती. आज साधारण 16-18 इंचांपर्यंतच्या नळ्या जहाजावरच्या रिळांवरून उलगडतात. मग थोरली एका रिळावरून आणि धाकटी दुसऱ्यावरून येऊन उतरणीवर एकत्र बांधल्या जातात.

तळाशी पोहोचल्यावर प्रवाहाचा प्रश्न सुरू होतो. गोल नळीवरून पाणी वाहताना मागे आलटून पालटून भोवरे सुटतात आणि प्रत्येक भोवरा नळीला हलकासा हिसका देतो. दहा सेंटिमीटर व्यासाची नळी अर्धा मीटर प्रतिसेकंद वेगाच्या प्रवाहात असेल, तर हिसके सेकंदाला सुमारे एक या गतीने बसतात. दोन सॅडलमधल्या धाकटीच्या लांबीची स्वतःची कंपनगतीही तेवढीच असली, तर ती थरथरू लागते आणि महिन्यामहिन्याने पोलाद थकत जाते. उपाय सोपा आहे, फक्त पैसा जास्त लागतो. सॅडलमधले अंतर निम्मे केले की धाकटीची कंपनगती चौपट होते आणि ती धोक्याच्या पट्ट्यातून बाहेर पडते. कागदावर ठरलेले पाच मीटर किंवा आठ मीटर हे अंतर असे येते. एक सॅडल निसटले, तर तिथली मोकळी लांबी दुप्पट होते आणि कंपनगती चौथाईवर उतरते. खरे नुकसान तिथून सुरू होते.

मग उष्णता. विहिरीतून आलेला द्रव गरम असतो आणि धाकटीतले रसायन थंड. पोलादाची नळी 60 अंशांनी तापली तर दर किलोमीटरला सुमारे 72 सेंटिमीटर वाढू पाहते. मधल्या भागात माती ती वाढ अडवते, पण टोकांजवळ ती बाहेर पडतेच. तिथे थोरली सरकणार आणि धाकटी जागेवर राहू पाहणार. म्हणून टोकाकडची सॅडल बसवताना मधल्यांपेक्षा वेगळा विचार करावा लागतो.

नॉर्वेच्या अभियंत्यांनी याच बांधणीचा वेगळाच उपयोग करून घेतला. त्यांनी धाकट्या नळीच्या जागी तांब्याची जाड केबल बांधली. केबलमधून वीज थोरलीच्या दूरच्या टोकापर्यंत जाते आणि परत येते ती थोरलीच्या पोलादी भिंतीतून. पोलाद त्यामुळे तापते. विहीर बंद करावी लागली आणि नळीतला द्रव थबकला, तरी तो हायड्रेट धरण्याइतका गार होत नाही. 2000 साली ऑसगार्ड क्षेत्रात ही रचना पहिल्यांदा समुद्रात उतरली. 2009 मध्ये उत्पादन सुरू झालेल्या टिरिहान्समध्ये ती 43 किलोमीटर लांबीवर वापरली गेली. रसायन टाकायला नको आणि नंतर ते वेगळे करायलाही नको. सारे अवलंबून असते ते 43 किलोमीटरभर केबल थोरलीच्या अंगाशी नीट बांधलेली राहण्यावर.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला विकजवळ याहून धाडसी पद्धत वापरली गेली आहे. तीत सगळ्या नळ्या आणि केबली किनाऱ्यावरच, साडेसात किलोमीटरांहून लांब रुळांवर, एका मोठ्या पोलादी नळीच्या पोटात बसवतात. आत खास आधार त्यांना एकमेकींपासून वेगळे धरतात. मोठ्या नळीत नायट्रोजन भरतात, बाहेर ठरावीक अंतराने साखळ्या लोंबत्या सोडतात आणि मग टग बोटी सगळे लांबड समुद्रात ओढतात. ओढण्याचा वेग वाढला की पाणी साखळ्यांना मागे रेटते आणि त्या रेट्याचा काही भाग वर उचलणारा असतो. वेग कमी-जास्त करून सात किलोमीटरांची नळी पृष्ठभाग आणि तळ यांच्या मध्येच अधांतरी ठेवता येते. ठिकाणावर पोहोचल्यावर वेग उतरवला की साखळ्या तळाला टेकतात, मग मोठ्या नळीत पाणी सोडून ती कायमची बसवतात. पट्टा हलत्या जहाजावर आवळायचा प्रश्नच इथे मिटतो. सगळी जोडणी कोरड्या जमिनीवर, दिवसाउजेडी, शांतपणे तपासता येते. अडचण एवढीच की किनाऱ्यावर एवढी लांब, सपाट जागा हवी आणि अंतर यापेक्षा फारसे वाढवता येत नाही.

बांधणे नेहमीच शहाणपणाचे असते असेही नाही. मुंबई हायमध्ये 1974 साली तेल सापडले आणि 1978 पासून उरणपर्यंत समुद्राखालून तेलाची आणि वायूची अशा दोन स्वतंत्र नळ्या आल्या. दोन्ही थोरल्या असतील तर त्या वेगळ्याच ठेवतात. ऑक्टोबर 2023 मध्ये फिनलंड आणि एस्टोनिया यांच्यामधली बाल्टिककनेक्टर ही वायूनळी ओढत नेलेल्या नांगराने फाटली होती. दोन मुख्य वाहिन्या एकत्र बांधल्या असत्या, तर असा एकच नांगर दोन्ही तोडून गेला असता. धाकटीचा हिशेब निराळा आहे. थोरली तुटल्यावर ग्लायकॉलच्या नळीचे काम तसेही संपते, त्यामुळे तिच्याशी नशीब बांधून घेण्यात फार काही गमवायचे नसते.

नळ्या टाकून झाल्या की दूरनियंत्रित पाणबुडी यंत्र सगळ्या लांबीवरून कॅमेरा घेऊन जाते आणि प्रत्येक सॅडलची नोंद करते. निसटलेले सॅडल सापडले तर तिथे नवा क्लॅम्प बसवायचा असतो. नॉर्वेच्या खोल पाण्यात ते काम यंत्रालाच करावे लागते. मुंबई हायसारख्या 75-80 मीटर खोलीवर माणूस जाऊ शकतो, पण तेही पावसाळ्याबाहेरच्या शांत महिन्यांत. या खोलीवर काम करणारे पाणबुडे जहाजावरच्या दाबकक्षात दिवसेंदिवस राहतात, तिथूनच घंटेत बसून तळाशी जातात आणि तिथेच परततात. काम संपल्यावर त्यांच्या अंगातला दाब सावकाश उतरवायला तीन-चार दिवस लागतात. जहाजावर दोन मिनिटांत आवळायचा पट्टा तळाशी बदलायला एवढा खटाटोप करावा लागतो.