मेंदूची पाण्याची पाळी चुकली तर

‘अंगावरून वारं गेलं’ असं आपल्या भागात म्हणतात. डॉक्टर त्याला पक्षाघात म्हणतात. नाव वाऱ्याचं असलं तरी दोष वाऱ्याचा नाही, रक्ताच्या पुरवठ्याचा आहे. या अंकात आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे. कारण असा प्रसंग आला की घरात पहिली गोष्ट निघते ती वयाची. माणूस चाळिशीतला असेल तर गाडी काढली जाते. सत्तरी ओलांडलेला असेल तर ‘आता वय झालंय, किती दगदग करायची’ म्हणून त्याला खाटेवरच ठेवलं जातं. हे कितपत बरोबर, याचा सभासद बंधू-भगिनींनी विचार करावा.

शेवटच्या सरीचं गणित

मेंदूचं वजन शरीराच्या अवघं २ टक्के; पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा घेतो. आणि शिल्लक काही ठेवत नाही. मेंदूच्या दर १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त मिळतं. ते २० च्या खाली गेलं की पेशींचं काम थांबतं. हात लुळा पडतो, बोबडी वळते. पण पेशी अजून जिवंत असतात. १० च्या खाली गेलं की काही मिनिटांतच त्या मरू लागतात.

उसाला पाण्याचा ताण बसला की पानं सुरळी होतात. वेळेत पाणी मिळालं तर पीक सावरतं. एकदा वाळलं की पाट भरून सोडला तरी उपयोग नाही. मेंदूचंही तसंच. रक्तवाहिनी तुंबली की मधला भाग लवकर जातो. भोवतालचा भाग नुसता सुकलेला असतो. तो वाचवता येतो. मोठी रक्तवाहिनी बंद झाली आणि उपचार मिळाला नाही, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी जातात, असा अंदाज २००६ साली अमेरिकेत मांडला गेला.

वयाने काय फरक पडतो?

फरक पडतो, हे खरं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा मेंदू प्राणवायूचा तुटवडा मोठ्या माणसापेक्षा जास्त वेळ सोसतो, कारण त्याची गरजच कमी असते. तरुण माणसात मुख्य पाट बंद पडला तरी आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून थोडंफार रक्त पोचतं. वय वाढतं तशा या आडवाटा कमी होतात, रक्तवाहिन्या कडक होतात, पेशींची स्वतःची दुरुस्ती मंदावते. म्हणून तेवढ्याच वेळात म्हाताऱ्या मेंदूचं नुकसान अधिक होतं.

पण तरुणपण म्हणजे कवच नव्हे. मोठ्या झटक्यानंतर मेंदूला सूज येते. वयाने थोडा आकसलेल्या मेंदूला कवटीत जागा असते. तरुणाच्या मेंदूला ती नसते, त्यामुळे सुजेचा धोका त्यालाच जास्त.

म्हाताऱ्याला आधी न्या

आता मुख्य मुद्दा. म्हाताऱ्याच्या पेशी लवकर मरतात, याचा अर्थ उपचार वाया जातो असा नाही. उलट त्याच्याकडे वेळ कमी आहे, असा आहे. २०१२ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले. तीत ३,०३५ रोगी होते आणि निम्म्याहून अधिक ऐंशीच्या पुढचे. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा गुण त्यांनाही आला.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ८६ गावांत मृत्यूंची पाहणी केली. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. पाहणीतल्या मृत्यूंत सर्वात मोठं कारण पक्षाघात निघालं, सुमारे १४ टक्के. मेलेल्यांचं सरासरी वय ६७. आणि १०० पैकी ८७ जण घरीच गेले. याच संस्थेने गावच्या बायांना शिकवून, जन्मताच न रडणाऱ्या बाळांना पिशवी-मुखवट्याने श्वास देण्याचं काम उभं केलं आणि बाळं वाचवली. बाळासाठी घाई करायला गाव शिकलं. आजोबांसाठीही शिकता येईल.

हे लक्षात ठेवा

तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं – यातलं एकही लक्षण दिसलं की घड्याळ बघा. औषधाची मुदत साधारण साडेचार तासांची आहे, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. १०८ ला फोन करा. सीटी स्कॅन आहे अशाच दवाखान्यात न्या. कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्रावात तेच औषध घातक ठरतं. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका. ठसका लागून ते फुप्फुसात जातं. तेल चोळण्यात, उतारा टाकण्यात वेळ घालवू नका. लक्षणं आपोआप गेली तरी दाखवून घ्या. तो पुढच्या झटक्याचा इशारा असतो.

आणि पाट तुंबण्याआधीच साफ ठेवावा. रक्तदाब व साखर तपासून घ्या, गोळी मनाने बंद करू नका, तंबाखू-विडी सोडा, मीठ कमी करा. ऊस तोडणीची पाळी चुकू नये म्हणून आपण गट ऑफिसात किती हेलपाटे घालतो! घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी तेवढी घाई एकदा तरी करू या.