कोयत्याचा हिशेब

शाळेत गरिबी शिकवताना : लेखांक ४

गेल्या आठवड्यात आपण दारिद्र्यरेषा फळ्यावर मांडली. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार २०११-१२ साली ग्रामीण भागात ती माणशी महिना ८१६ रुपये होती. त्या तासाला मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो : मग ही माणसं जास्त काम का करत नाहीत?

हा प्रश्न दडपू नका. ‘असं बोलू नये’ म्हटलं की मूल गप्प बसतं, त्याचं मत मात्र तसंच राहतं. त्यापेक्षा वह्या काढायला सांगा. आपल्या काळ-काम-वेगाच्या गणितांत मजूर कधी आजारी पडत नाहीत आणि त्यांच्या डोक्यावर उचलही नसते. आज तेच गणित उचलीसकट सोडवायचं आहे.

उदाहरण ऊसतोडीचं घेऊ. बीड जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो आणि शेती बहुतेक कोरडवाहू. खरीप निघाला की शिवारात हाताला काम राहत नाही. मग दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात ‘कोयता’. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. जोडीला मुकादम हंगामाआधीच उचल देतो. ती पावसाळ्यातली उधारी, आजारपण, लग्न यांतच संपते. म्हणजे पहिला ऊस तुटण्याआधीच मजुरी खर्च झालेली असते.

आता फळ्यावर समजण्यापुरते सोपे आकडे लिहा. उचल १,००,००० रुपये. तोडणीचा दर टनाला ३५० रुपये. जोडी दिवसाला २ टन तोडते, म्हणजे ७०० रुपये. हंगाम १५० दिवसांचा. मुलं चटकन सांगतील : १,०५,००० रुपये. उचल फिटली, वर ५,००० उरले!

त्यांना थोडा वेळ खूश राहू द्या. मग पुढची ओळ लिहा : बाई तापानं १० दिवस पडली. जोडीचं काम थांबलं, ७,००० गेले. कमाई उरली ९८,०००. शिवाय प्रत्येक खाड्याला ५०० रुपये दंड, म्हणजे ५,०००. बाजारहाटासाठी आठवड्याला ५०० रुपये खर्ची घेतली, तीही खात्यावरच चढली. २० आठवड्यांचे १०,०००. एकूण देणं १,१५,०००. पाच महिने राबून जोडी १७,००० रुपयांनी मागे! ही बाकी पुढच्या हंगामाच्या मानगुटीवर बसते. मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं उत्तर आता वर्गाच्याच वहीत आहे.

इथे थांबून विचारा : हिशेबात काय आलं नाही? पहाटे अंधारात फडात जाणं. पाल्याच्या कोपीत राहणं. धाकट्याला सांभाळायला थोरलीनं शाळा सोडणं. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहं हे त्यावरचे उपाय, पण जिथे ती पोचत नाहीत तिथे पोरीचं वर्ष बुडतं आणि मोठेपणी तिच्या हाती पुन्हा कोयताच येतो. नववी-दहावीचा वर्ग असेल तर खाड्याची दुसरी बाजूही सांगा. बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याचं २०१९ मध्ये गाजलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दुखण्यानं पडणारा खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण पुढे आलं. दंडाच्या त्या ५०० रुपयांचं वजन तेव्हा मुलांना कळतं.

एक पथ्य मात्र पाळा. वर्गात ऊसतोड घरातलं मूल असेल तर त्याला उभं करून ‘तू सांग’ म्हणू नका. त्याची गरिबी हे आपलं शैक्षणिक साहित्य नव्हे. त्याला बोलावंसं वाटलं तर ते आपणहून बोलेल. बहुधा फळ्यावरचा एखादा आकडा दुरुस्त करेल. तो दुरुस्त करून घ्या.

गृहपाठ : या हिशेबातली कोणतीही एकच ओळ बदला आणि बाकी किती राहते ते पाहा. कुणी दर वाढवेल, कुणी दंड खोडेल, कुणी बिनव्याजी कर्ज आणेल. ‘जोडीनं आणखी काम करावं’ असं लिहिणाऱ्यानं दिवसाचे तासही मांडून दाखवायचे.

पुढील लेखांकात : गावातच काम मिळालं तर? १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजना.